केसनंद फाट्याचा हिशेब

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना खराडी मागे पडली की वाघोली लागते. लोहगाव, आव्हाळवाडी, केसनंद, बकोरी अशी आजूबाजूच्या गावांची नावं सांगणारे रस्ते इथं हमरस्त्याला येऊन मिळतात. हे सगळे मूळचे गाडीवाटेचे रस्ते. शेतावरून, खाणीवरून निघायचं आणि नगर रस्त्याला लागायचं, एवढंच त्यांचं काम. एका फाट्यावरून दुसऱ्यावर आतल्या आत पोचवणारा सलग रस्ता सहसा झालाच नाही, कारण केसनंदच्या माणसाला रोज बकोरीला जायचं नव्हतं. माशाच्या काट्यासारखी ही रचना, मधे एक कणा आणि दोन्ही बाजूंना सुटे काटे. आज त्या प्रत्येक काट्यावर टॉवर उभे आहेत. त्यातला माणूस सकाळी खराडीच्या आयटी पार्ककडे, विमाननगरकडे किंवा स्टेशनकडे निघतो, तेव्हा त्याचं घर आत कितीही लांब असलं तरी त्याला फाट्यावर यावंच लागतं.

सकाळी नऊच्या सुमारास केसनंद फाट्यावर उभं राहिलं की याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. केसनंदकडून येणारी रांग सिग्नलपाशी सुरू होते आणि मागे कुठं संपते ते दिसत नाही. पीएमपीची बस थांब्यावर नाही, रस्त्याच्या मधल्या लेनमध्ये थांबते, कारण कडेला रिक्षा लागलेल्या असतात. शाळेची पिवळी बस, खडीचा डंपर, पाण्याचा टँकर आणि त्यांच्यामधल्या फटीतून पुढं सरकणाऱ्या दुचाक्या. डाव्या कडेनं उलट दिशेनं येणाऱ्या दुचाक्यांचा एक वेगळाच प्रवाह चालू असतो. वॉर्डनची शिट्टी वाजत राहते. सिग्नल हिरवा होतो तेव्हा समोरच्या बाजूची वाहनं अजून चौकातून बाहेर पडलेली नसतात, त्यामुळे हिरव्या दिव्याचे पहिले काही सेकंद फुकट जातात.

टॉमटॉम या कंपनीच्या 2024 सालच्या निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये चौथं आलं. दहा किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. नगर रस्त्यावरच्या माणसाला ही बातमी वाचून आश्चर्य वाटलं असेल तर ते एवढ्याचंच, की आपल्या पुढं आणखी तीन शहरं आहेत.

आता गंमत अशी, की या टॉवरपैकी जे पुरेसे मोठे आहेत त्यांच्या फाइलीत एक वाहतूक अहवाल असतो. त्यात आलेख असतात, चौकाचा नकाशा असतो, आजची वाहनसंख्या आणि दहा वर्षांनंतरची वाहनसंख्या असते. आणि शेवटी बहुधा एकाच धाटणीचा निष्कर्ष असतो: प्रकल्पामुळे लगतच्या रस्त्यांवर पडणारा भार नगण्य आहे. प्रत्येक प्रकल्पाचा भार नगण्य आणि सगळ्यांचा मिळून फाटा तुंबलेला, हे कसं होतं याचा हा शोध आहे. लबाडी हे त्याचं अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर मोजणीच्या रीतीत आहे.

मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेनुसार 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर प्रकल्प राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढं जातो आणि मंजुरी राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देतं. पाणी, सांडपाणी, कचरा, झाडं यांच्याबरोबर वाहतुकीचा अभ्यास याच फाइलीत येतो. 20 हजारांच्या आत बसणाऱ्या स्कीमला यातलं काहीच लागत नाही. अशा दहा स्कीम एकाच फाट्यावर ओळीनं आल्या तरी एकाही फाइलीत चौकाचं नाव निघत नाही.

अहवाल करणारा सल्लागार बिल्डरनं नेमलेला असतो आणि बिल्डरच त्याचे पैसे देतो. यावर बोट ठेवून लेख संपवता आला असता, पण मग खरी गोष्ट निसटते. कारण अगदी प्रामाणिक सल्लागारानं केलेला अहवालही बऱ्याचदा त्याच निष्कर्षावर पोचतो.

सुरुवात होते मोजणीनं. पूर्वी कॉलेजची पोरं चौकाच्या कोपऱ्यांवर तक्ते घेऊन बसायची. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आता बरेचदा खांबाला कॅमेरा लावतात आणि ऑफिसात बसून चित्रीकरणावरून मोजतात. वाहनांचे प्रकार आणि वळण्याच्या दिशा, सगळं पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. रीत चोख आहे. पण तक्त्यात रकाने असतात ते सरळ, डावीकडे आणि उजवीकडे जाणाऱ्यांचे. राँग साइडनं येणाऱ्याला रकाना नाही. केसनंद फाट्यावर हा माणूस अपवाद नसतो. पुढचा यू-टर्न लांब आहे म्हणून तो रोज तेच करतो आणि रोज चौकातली एक पट्टी खातो. कागदावर मात्र तो नसतो.

त्याहून मोठी चूक मोजणीच्या मुळाशीच आहे. चौकात मोजली जाते ती पार झालेली वाहनं. मागे रांगेत अडकलेली, पार होऊ न शकलेली वाहनं त्या तासाच्या आकड्यात येत नाहीत. चौक पुरता तुंबला की त्यातून वाहनं कमी सुटतात आणि आकडा कमी भरतो. म्हणजे कोंडी जितकी वाईट तितका कागदावरचा चौक बरा दिसतो. वाहतूक अभियंत्यांना हे ठाऊक असतं, म्हणून रांगेची लांबीही मोजावी असा दंडक आहे. अहवालात ती किती वेळा मोजलेली असते, हे ज्याचं त्यानं फाइल उघडून पाहावं.

मग येतो नव्या घरांतून निघणाऱ्या वाहनांचा अंदाज. अमेरिकेत यासाठी वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेची जाडजूड संदर्भपुस्तिका आहे. घरं, दुकानं, शाळा, दवाखाने अशा शेकडो ठिकाणी प्रत्यक्ष मोजून काढलेले दर तिच्यात आहेत. गावोगावच्या सोसायट्या मोजून केलेलं त्या तोडीचं पुस्तक आपल्या सल्लागारांच्या हाताशी नाही. त्यामुळे कुणी पार्किंगच्या संख्येवरून अंदाज काढतो, कुणी जवळची एखादी सोसायटी मोजतो, तर कुणी मागच्या अहवालातला दर उचलतो. अंदाज दहा टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. पण दोन अहवालांत तो दुपटीनं वेगळा असू शकतो आणि तरी दोन्ही अहवाल नियमात बसतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, गृहीत धरलेले. हिशेबाची रीत मात्र भारतीय रस्ते काँग्रेसची (आयआरसी). समजा 600 फ्लॅटची स्कीम आहे आणि सकाळच्या गर्दीच्या एका तासात तिच्यातून 180 मोटारी आणि 240 दुचाक्या बाहेर पडतात. सगळी वाहनं एका मापात आणण्यासाठी पीसीयू हे एकक वापरतात. मोटार म्हणजे 1. शहरी रस्त्यांसाठीच्या 1990 सालच्या आयआरसी-106 या मार्गदर्शिकेत दुचाकीला दोन गुणक दिलेत. रहदारीत दुचाक्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर 0.5 आणि दहा टक्के किंवा जास्त असेल तर 0.75. पुण्यात दुचाक्यांचा वाटा पाच टक्के आहे असं म्हणणाऱ्याला शहराबाहेरचाच समजावं लागेल. तरी 0.5 धरला तर स्कीमचा भार होतो 300 पीसीयू आणि 0.75 धरला तर 360. सिग्नलवर दुचाकी फटीफटीतून पुढं येते, म्हणून चौकाच्या हिशेबात कमी गुणक धरणं समर्थनीय आहे, हेही सांगायला हवं. मुद्दा एवढाच, की सही करण्याआधी कुणीतरी विचारायला हवं, हा गुणक का?

या हिशेबात टँकर नाही. फ्लॅटमधल्या गाड्या मोजल्या, टँकर कुणाच्या फ्लॅटमध्ये राहत नाही. माणशी रोज 135 लिटर हे सरकारी मानक. 600 घरं, घरटी चार माणसं, म्हणजे रोज 3 लाख 24 हजार लिटर. त्यातलं निम्मं पाणी 10 हजार लिटरच्या टँकरनं आलं तर रोज सोळा टँकर आत आणि सोळा बाहेर. त्याच मार्गदर्शिकेत ट्रकला 2.2 ते 3.7 पीसीयू धरलेत. अहवालाच्या पाणी प्रकरणात टँकरचा उल्लेख असला तरी वाहतुकीच्या प्रकरणात तो पोचत नाही. दोन प्रकरणं दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असतात. कामवाल्या मावश्या, डिलिव्हरीची पोरं, गॅसचा टेम्पो, शाळेची व्हॅन यांचंही तेच.

तर 300 पीसीयू. हे जास्त की कमी? इथं अहवालाचं खरं कसब आहे आणि ते सगळं छेदात आहे. दुभाजक असलेल्या सहापदरी प्रमुख शहरी रस्त्याची दोन्ही दिशांची मिळून क्षमता आयआरसी-106 मध्ये तासाला 5400 पीसीयू दिली आहे. 300 भागिले 5400, म्हणजे साडेपाच टक्के. नगण्य.

पण स्कीममधली गाडी आधी फाट्याच्या सिग्नलला उभी राहते, नगर रस्ता त्यानंतर. केसनंदकडून येणारी बाजू सिग्नलपाशी सात मीटर रुंद आहे असं समजा. सिग्नलच्या आयआरसी मार्गदर्शिकेत एक सोपं सूत्र आहे: रुंदी गुणिले 525. म्हणजे सिग्नल तासभर अखंड हिरवा राहिला तर त्या बाजूनं 3675 पीसीयू सुटतील. सिग्नल तासभर हिरवा राहत नाही. 120 सेकंदांच्या फेरीत त्या बाजूला 30 सेकंद मिळत असतील तर तासाला सुटतात 919. आता त्याच 300 ला 919 नं भागा. एका स्कीमनं त्या बाजूची एक तृतीयांश क्षमता घेतली. तीन स्कीम झाल्या की केसनंद गावच्या माणसाला, म्हणजे जो आधीपासून तिथं होता त्याला, हिरवा दिवा उरतच नाही.

छेद बदलला की साडेपाच टक्क्यांचे तेहेतीस होतात. दोन्ही आकडे खरे आहेत. अहवालात पहिला छापतात.

तेहेतीस टक्केही पूर्ण गोष्ट सांगत नाहीत, कारण चौक हळूहळू बिघडत नाही, एकदम बिघडतो. एफ. व्ही. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकानं 1958 मध्ये सिग्नलची आदर्श फेरी किती सेकंदांची असावी याचं सूत्र दिलं. आजही आपल्याकडे अभियांत्रिकीच्या मुलांना तेच शिकवतात. चौकाच्या सगळ्या बाजूंवरचा भार त्यांच्या क्षमतेच्या तुलनेत मोजून बेरीज केली आणि दिवे बदलताना फुकट जाणारा वेळ 12 सेकंद धरला, तर भार 0.7 असताना फेरी येते सुमारे 77 सेकंदांची. भार 0.8 झाला की 115. आणि 0.9 झाला की 230 सेकंद, जवळजवळ चार मिनिटं. तीच दशांश वाढ. पहिल्यांदा 38 सेकंदांना पडते, दुसऱ्यांदा 115 सेकंदांना. इतकी लांब फेरी व्यवहारात चालत नाही. लोक सिग्नल तोडतात, मग हवालदार सिग्नल बंद करून हातानं वाहतूक सोडू लागतो. पुण्यात मोठ्या चौकात सिग्नल बंद आणि पोलीस उभा दिसला, की समजावं गणित 0.9 च्या पुढं गेलंय.

म्हणून ‘आमच्यामुळे फक्त पाच टक्के वाढ’ या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्या पाच टक्क्यांची? सत्तर वरून पंचाहत्तर की नव्वद वरून पंचाण्णव? हॉल रिकामा असताना आलेला पाहुणा आणि हॉल भरल्यावर आलेला पाहुणा यांना यजमान एकाच ओळीत मोजत नाही.

आता हे सगळं बिल्डरचंच पाप, असं म्हणून हात झटकता येत नाही. शासनाची नियमावली चौकाकडं पाहतच नाही. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि इतर काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार पुण्यासारख्या महापालिकेत मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, 1.10. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेऊन किती चढायचं, हे ठरतं भूखंडासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. रस्ता 30 मीटर किंवा अधिक रुंद असेल तर 3.00 पर्यंत जाता येतं. निवासी बांधकामाला त्यावर 60 टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय. रस्ता रुंद म्हणून माणसं जास्त, या तर्कात दम आहे. पण समोरचा 30 मीटर रस्ता पुढं कुठल्या चौकात जाऊन अडतो, हा प्रश्न तक्त्यात नाही. चौकाला एफएसआय नसतो.

आणि रुंदीचं म्हणाल तर नकाशावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी या पुण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कात्रज–कोंढवा रस्ता आराखड्यात 84 मीटरचा. जागा ताब्यात येईना, पैसे पुरेनात, तेव्हा तो 50 मीटरवर आणला. त्या मधल्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या स्कीम काही थांबल्या नाहीत. मुळेवर बालेवाडी आणि वाकड जोडणारा पूल बांधून तयार होता. बालेवाडीच्या बाजूचा जोडरस्ता भूसंपादनात अडकला आणि पूल वर्षानुवर्षं रिकामा पडून राहिला. शहराभोवतीचा उच्च क्षमता वर्तुळाकार मार्ग 1987 च्या आराखड्यापासून नकाशावर आहे. महापालिकेच्या भाषेत असल्या तुटक्या दुव्यांना ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. वाहतूक अहवालाच्या ‘दहा वर्षांनंतर’च्या तक्त्यात मात्र हे रस्ते झालेले धरता येतात, निम्मी वाहनं त्यांच्यावरून वळवता येतात आणि फाट्यावरचा भार हलका होतो. टॉवर 36 महिन्यांत पझेशनला येतो. रस्त्याला पझेशनची तारीख नसते.

वाघोलीच्या बाबतीत या सगळ्यावर कारभाराचा गुंता चढलाय. 30 जून 2021 रोजी 23 गावं महापालिकेत आली, त्यात वाघोली होती. तोवर ती ग्रामपंचायत. बांधकाम परवानग्या आधी जिल्हा प्रशासनाच्या टेबलावर, 2015 नंतर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे, पाणी आणि कचरा ग्रामपंचायतीच्या गळ्यात. एकाच फाट्याला जोडलेल्या दोन शेजारच्या स्कीम दोन वेगळ्या कचेऱ्यांतून मंजूर झालेल्या असू शकतात. त्यांची बेरीज करायला एक वही तरी असायला हवी ना?

आश्चर्य म्हणजे बेरीज करा, हे सांगणारा कागद आहे. पर्यावरण मंत्रालयानं जानेवारी 2019 मध्ये बांधकाम प्रकल्पांच्या मंजुरीसाठी ज्या प्रमाणित अटी ठरवून दिल्या, त्यांत एक अट वाहतुकीची आहे. तिचा आशय असा: प्रकल्पापासून पाच किलोमीटरच्या परिघातल्या रस्त्यांची आजची सेवा-पातळी प्रकल्प झाल्यावरही टिकली पाहिजे आणि सुधारली पाहिजे, त्यासाठीचा आराखडा त्या परिघात होत असलेल्या आणि होऊ घातलेल्या सगळ्या विकासाच्या एकत्रित परिणामावर बेतलेला असावा, आणि तो राज्याच्या नगरविकास खात्यानं आणि सार्वजनिक बांधकाम खात्यानं वा सक्षम यंत्रणेनं तपासून प्रमाणित केलेला असावा.

ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती परत वाचली. पाच किलोमीटर! केसनंद फाट्यापासून पाच किलोमीटर म्हणजे खराडीच्या वेशीपर्यंत. ही अट अक्षरशः पाळायची म्हटली तर वाघोलीत एकही नवी वीट रचता येणार नाही. त्यामुळे ती पाळलीही जात नाही आणि काढूनही टाकली जात नाही. मंजुरीपत्रात इतर डझनावारी अटींच्या रांगेत ती छापली जाते, बांधकामाच्या गेटवर मंजुरीचा बोर्ड लागतो आणि काम सुरू होतं.

शेजाऱ्यांनी तक्रार कुठं करायची? सर्वसाधारण प्रकल्पांना जनसुनावणी असते. 2006 च्या अधिसूचनेत बांधकाम आणि टाउनशिपचे प्रकल्प त्यातून वगळलेत. गावाजवळ कारखाना येणार असेल तर गावकऱ्याला माईक मिळतो. गावाजवळ तीन हजार घरं येणार असतील तर मिळत नाही.

मंजुरी एका आकड्याला आणि बांधकाम दुसऱ्याच आकड्याचं, असंही घडतं. वडगाव बुद्रुकच्या एका प्रकल्पाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2008 च्या पर्यावरण मंजुरीत 552 फ्लॅट होते, उभे राहिले 807. ऑगस्ट 2018 मध्ये न्यायालयानं 100 कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरण्याचा आदेश दिला. दंड जबर होता. पण 255 जादा घरांच्या गाड्या ज्या चौकातून जातात, त्याचा अहवाल 552 घरांवरच केलेला असणार. दंडानं चौक रुंद होत नाही.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातलाय. नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणानुसार वाहतुकीच्या कारणावरून प्रकल्प नाकारायचा तर सुरक्षेला बाधा हवी किंवा रस्त्यांवरचा एकत्रित परिणाम गंभीर हवा. म्हणजे नाकारणं सोपं नाही, पण हिशेब एकत्रित. आणि 1990 च्या नियोजन कायद्यातल्या कलम 106 खाली विकासकाकडून ठरावीक कामासाठी करार करून पैसे घेतात, अमुक चौक सुधारण्यासाठी, अमुक बससेवेसाठी. आपल्याकडे विकासक पैसे देत नाही असं नाही. विकास शुल्क देतो, प्रीमियम देतो, रकमा कोटींत असतात. पण तो पैसा त्याच फाट्यावर खर्च झाला पाहिजे असं बंधन नाही. केसनंद रस्त्यावरचा प्रीमियम तिजोरीत जातो आणि तिथून कुठं जातो ते तिजोरीलाच माहीत.

कॅलिफोर्नियानं मात्र वेगळंच केलं. 2013 च्या एका कायद्यानं तिथं पर्यावरणीय तपासणीतून चौकातल्या खोळंब्याचा निकषच बाद ठरवला आणि 1 जुलै 2020 पासून राज्यभर, प्रकल्पामुळे एकूण किती मैल गाड्या धावतील, हे मोजायला सुरुवात झाली. कारण असं, की खोळंबा हाच निकष धरला तर उत्तर नेहमी ‘चौक रुंद करा, उड्डाणपूल बांधा’ हेच येतं आणि शहराबाहेर, मोकळ्या रस्त्यावरचा प्रकल्प कागदावर चांगला ठरतो. पुणेकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल 2020 मध्ये पाडावे लागले, चांदणी चौकातला पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला. पूल बांधून चौक सुटतो हा समज आपण पुरेसा खर्च करून तपासून पाहिलाय.

तरीही मला कॅलिफोर्नियाचा मार्ग वाघोलीला अर्धाच लागू वाटतो. एकूण किती किलोमीटर गाड्या धावतील हे मोजलंच पाहिजे. वाघोलीतलं घर स्वस्त आणि नोकरी लांब, हे दुखण्याचं मूळ आहे. पण चौकही मोजला पाहिजे, फक्त गाड्यांचा नव्हे. आजच्या अहवालात मोटारीत एकटा बसलेला माणूस 1 पीसीयू असतो आणि साठ माणसांची बस 2.2 किंवा 3.7. चालणारा माणूस शून्य. शाळेच्या दप्तरासह नगर रस्ता ओलांडणाऱ्या पोराला किती सेकंद थांबावं लागतं, हा आकडा माझ्या पाहण्यातल्या अहवालांत नाही. बांधकाम चालू असतानाच्या वर्षांबद्दलही अहवाल घाईत बोलतो. डिसेंबर 2024 मध्ये, 22 तारखेच्या मध्यरात्रीनंतर, याच केसनंद फाट्यावर डंपर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून गेला. तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं होती. कामाच्या शोधात आलेली ती कुटुंबं होती. बांधकामाच्या काळात डंपर कुठून जातील, किती वाजता जातील आणि मजूर रात्री कुठं झोपतील, हे प्रश्न चौकाच्या अभ्यासाबाहेरचे नाहीत.

आता मेट्रो येणार आहे. रामवाडीपासून वाघोलीपर्यंत आणि पलीकडे वनाझपासून चांदणी चौकापर्यंत, मिळून 12.75 किलोमीटरच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळानं 25 जून 2025 रोजी मंजुरी दिली. चांगलं झालं, उशिरा झालं. खांब उभे राहीपर्यंतची वर्षं नगर रस्त्याला अरुंद काढावी लागतील आणि त्याच वर्षांत ‘मेट्रो टच’ म्हणून नव्या स्कीम विकल्या जातील. स्टेशनजवळ जास्त एफएसआय देण्याचं धोरण योग्यच आहे, पण केसनंद रस्त्यावर तीन किलोमीटर आत राहणारा माणूस स्टेशनपर्यंत येणार कसा, तर त्याच फाट्यावरून. फीडर बस आणि धड फुटपाथ नसेल तर तो दुचाकी काढणार.

उपाय फार गहन नाही. महापालिकेनं किंवा पीएमआरडीएनं प्रकल्पाप्रकल्पाचे सुटे अहवाल मागवणं थांबवून प्रत्येक मोठ्या फाट्याची एक वही ठेवावी. मंजूर झालेले सगळे फ्लॅट, 20 हजारांच्या आतल्या स्कीमसह, त्या वहीत चढावेत. मोजणी दरवर्षी सरकारी यंत्रणेनं करावी, खर्च विकासकांकडून घ्यावा आणि नवा प्रस्ताव आला की आधी ती वही उघडावी. फाटा 0.9 वर असेल तर जोडरस्ता आणि बस आधी, भोगवटा प्रमाणपत्र नंतर. 2016 मध्ये बाणेर-बालेवाडीतल्या पाण्याचा प्रश्न नव्या बांधकामांना धरून उच्च न्यायालयात जाऊ शकला. रस्त्याचा का जाऊ नये?

तोवर वाचकाच्या हातात काय आहे? घर घेताना आपण किचन ओटा ग्रॅनाइटचा आहे का विचारतो, वास्तू विचारतो, पोडियमवर पोहण्याचा तलाव आहे का विचारतो. सेल्स ऑफिसात बसूनच पर्यावरण मंजुरीचं पत्र मागा आणि त्यातली वाहतुकीची अट वाचा. वाहतूक अहवालात तुमच्या फाट्याचं नाव आहे का, कुठल्या महिन्यात मोजणी झाली, शाळा-कॉलेजं सुरू होती की मे महिना होता, हे पाहा. मंजुरीची कागदपत्रं परिवेश या सरकारी पोर्टलवर असतात. शेजारी नवी स्कीम मंजूर झाली आणि तुमची हरकत असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. सोसायट्यांच्या संघांनी एकत्र येऊन एका कामाच्या दिवशी सकाळी आपल्या फाट्याची मोजणी स्वतः करावी, रांगेच्या लांबीसह. चार मोबाइल कॅमेरे आणि आठ माणसं पुरतात.

आणि एक कागद मागायला विसरू नका. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यावा लागतो. हा अहवाल सार्वजनिक कागद आहे; अर्ज करणाऱ्या कोणालाही प्राधिकरणाकडून त्याची प्रत मिळते. दिवाळीनंतरची पहिली तारीख 1 डिसेंबर.